पित्ताचं निमित्त

भिंत पडली तेव्हा तिची आई तिथं नव्हती. ती म्हशीच्या पोटाशी उकिडवी बसून धार काढत होती. यंदा पावसानं पाठ फिरवलेली, हिरवा चारा कुठं दृष्टीला पडत नव्हता, आणि म्हशी अशा आटल्या होत्या की बोटं वळेपर्यंत ओढलं तरी बादलीचा तळ जेमतेम झाकायचा. घरधन्याचा धंदा दुधाचा. एरवी गिऱ्हाइकं त्याला चिडवायची, पाणी किती घातलंस म्हणून. यंदा तो स्वतःच सांगत फिरायचा, "घालीन म्हटलं तरी पाणी आणू कुठून?" लोक हसायचे आणि निम्मंच दूध घेऊन गप्प घरात जायचे.

भिंत म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. नुकतंच सोळावं लागलेलं, हाडापेरानं मोठी, हात गुडघ्याला टेकतील असे लांब. शाळेच्या फुटबॉल संघात ती गोल राखायची आणि तिच्या हातून बॉल सुटत नाही म्हणून मैदानावर तिला भिंत म्हणायला लागले. मग शाळेत तेच, वस्तीत तेच. शेवटी बापही अंगणातून हाक मारायला लागला, "आमची भिंत कुठं गेली? चारा आणायचाय." पहिल्यांदा आईला ते रुचलं नव्हतं. पोरीच्या जातीला असलं नाव? पण मैदानावर दोनशे माणसं एका दमात ते ओरडतात असं कळल्यावर तिनं तोंड मिटलं.

त्या रविवारी संध्याकाळी खेळाचे सर मोटरसायकल घेऊन दारात आले. पुढं सर, मागं संघातली एक मुलगी, आणि दोघांच्या मध्ये भिंत, चेहऱ्यावर माती आणि कानाच्या वर हे एवढं टेंगूळ.

"काळजीचं काही नाही ताई," सर म्हणाले. "बॉल अडवताना डोकं खांबाला आपटलं. लगेच उठली. उरलेली सगळी मॅच खेळली. एक गोल खाल्ला नाही पोरीनं!"

सांगताना त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. आईनं पदराला हात पुसले आणि मुलीला उतरवून घेतलं. भिंत उतरली, गोठ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, धार काढून झाली?"

"झाली. बस तू."

ती ओट्यावर बसली. आईनं पाणी आणून दिलं. दोन घोट घेऊन तिनं तांब्या खाली ठेवला.

"आई, धार काढून झाली?"

"झाली म्हटलं ना."

सर निघून गेले. बाप सायकलला रिकाम्या किटल्या अडकवत होता. आई टेंगळाला ओलं फडकं लावायला वाकली, तर पोरीनं तिचा हात धरला आणि अगदी काळजीनं विचारलं, "धार काढून झाली का गं?"

बाप मोठ्यानं हसला. "आज कधी नव्हे ती घरच्या धंद्याची काळजी लागली बाईसाहेबांना!"

आईला हसू आलं नाही. तेवढ्यात भिंत उठली, गव्हाणीपर्यंत गेली आणि भडाभडा ओकली. म्हैस दाव्याला हिसका देऊन मागं सरली.

सकाळी दूध घालून झाल्याबरोबर आई तिला घेऊन दवाखान्यात गेली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कडेला बाकडं, वजनाचा काटा, कोपऱ्यात गळका नळ आणि त्याखाली बादली. आतल्या खोलीला दार होतं, पण ते लागत नसे. दाराच्या जागी पडदा होता आणि पडद्याआडचं बोलणं बाकड्यावरच्या सगळ्यांना फुकटात ऐकायला मिळायचं.

डॉक्टरबाई तरुण होत्या, नव्यानं आलेल्या. त्यांनी भिंतीच्या डोळ्यांत बॅटरी मारली तशी तिनं तोंड फिरवलं. एका पायावर उभं राहायला सांगितलं. उभी राहिली आणि टेबल धरलं.

"वार म्हण बघू. उलटे. रविवारपासून मागे."

"रविवार, शनिवार, शुक्रवार." मग बराच वेळ काही नाही. "शुक्रवार," ती पुन्हा म्हणाली, आणि आईकडं बघून ओशाळं हसली. परीक्षेत पहिल्या पाचांत येणारी पोर.

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "हे बघा, डोकं जोरात आपटलं की आत मेंदू हलतो. बाहेरून दिसत नाही, पण इजा झालेली असते. आता हिला पूर्ण विश्रांती. धावायचं नाही, डोक्यावर ओझं नाही, आणि मैदान तर मी सांगेपर्यंत बंद. ही इजा भरून यायच्या आत परत मार बसला तर जिवावर बेतू शकतं. नाहीतर कायमचा डोक्यावर परिणाम होतो. पुन्हा उलटी झाली, जास्त झोपाळल्यासारखी वाटली, काही विसंगत बोलायला लागली, तर असेल तशी उचलून आणायची. समजलं?"

आईनं मान हलवली. पण जिवावर बेतण्याचं जे काही सांगितलं ते तिच्या कानांवरून गेलं. आत शिरले ते दोनच शब्द. डोक्यावर परिणाम.

ते शब्द तिच्या ओळखीचे होते. तिची थोरली बहीण एका तापातून उठली ती वेगळीच उठली होती. एकटीच हसायची, चुलीवर दूध ठेवून निघून जायची. तेव्हा कुणीतरी अंगणात उभं राहून हळू आवाजात म्हणालं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्या दिवसापासून बहिणीला नावानं हाक मारायचं लोकांनी सोडलं. तिच्याशी बोलायचे ते लहान मुलाशी बोलावं तसं मोठमोठ्यानं, एकेक शब्द तोडून. ठरलेलं लग्न मोडलं. मागच्या खोलीला बाहेरून कडी लागली, ती बहीण गेली तेव्हाच निघाली. एवढं सगळं त्या दोन शब्दांनी केलं होतं, असं आईच्या मनानं धरून ठेवलं होतं.

पडदा सारून ती बाहेर आली तर बाकड्यावर शेजारीण नुकतीच येऊन बसलेली, सुजलेला अंगठा वर धरून. वस्तीतले सगळे तिला तोंडावर वहिनी म्हणायचे आणि पाठीमागं रेडिओ.

"काय गं, काय म्हणाली डॉक्टरीण? डोक्याचं काहीतरी म्हणत होती ना?"

"छे, डोक्याचं कुठलं!" आई इतक्या झटकन बोलली की तिचं तिलाच नवल वाटलं. "पित्त झालंय. उन्हातान्हात खेळते, वेळेवर खात नाही. पित्त खवळलं की डोकं दुखणारच, उलटी होणारच."

"पित्त वाईटच," वहिनी म्हणाल्या. "माझ्या भावाला होतं."

घरी आल्यावर बापाला पित्त सांगितलं. शाळेत पित्त कळवलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण हे खोटं फार सोयीचं होतं. डोकं दुखतंय? पित्त. उजेड सोसत नाही? पित्त. ताटावरून उठली? मग तर पित्तच. बापानं ऐकलं आणि तो गिऱ्हाइकाच्या वाट्यातलं थंड दूध पेलाभर काढून रोज पोरीच्या उशाशी ठेवायला लागला. त्या दिवसांत एक पेला दूध बाजूला काढणं म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भिंत ते मुकाट प्यायची, कारण नाही म्हटलं की बापाचा चेहरा उतरायचा.

काम मात्र कुणाचं थांबत नव्हतं. चारा आता नदीच्या पलीकडच्या काठावरून आणावा लागायचा. नदी म्हणजे नुसती वाळू. एरवी मायलेकी दोन भारे आणायच्या. आता आई एकटीच दोन खेपा करायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा, वाळूत पाय घोट्यापर्यंत रुतायचे आणि चाऱ्याची कुसळं मानेतून पाठीत उतरायची. दुसऱ्या खेपेला मानेची शीर अशी ताठायची की घरी आल्यावर भारा टाकून ती तशीच उभी राहायची, मान वळत नसे.

"पोरगी काय लोळतेय?" बाप म्हणाला. "पित्तानं कुणी इतके दिवस झोपतं का? उठव तिला. भारा नको, निदान गवत तर कापू दे."

"झोपू दे तिला, मी आणते ना."

"तू पडलीस म्हणजे मग? दोघींना दूध पाजत बसू?"

त्याच्या बोलण्यात राग कमी आणि भीती जास्त होती. एक म्हैस उठायची बंद झाली होती. तिला दोघांनी बाजूनं खांदा देऊन उभी करावी लागायची.

बुधवारी सर आले. ओट्यावर बसले, हातातली टोपी फिरवत राहिले.

"ताई, रविवारी क्रीडाशाळेची निवड आहे. बाहेरून दोन माणसं येणार आहेत. मी आतापर्यंत इतकी पोरं बघितली, पण हिच्यासारखे हात बघितले नाहीत. निवडली गेली तर तिकडंच राहणं, खाणं, शाळा. सगळं त्यांचं."

बाप गोठ्याच्या दारात उभा राहून ऐकत होता. "खाणं काय देतात?" त्यानं विचारलं.

"पोटभर देतात. दूधसुद्धा."

"कुणाचं असतं काय माहीत," बाप म्हणाला, पण त्याचे डोळे चमकले होते.

सरांनी टोपी थांबवली. "ते डोक्याला लागलं होतं, त्याचं काय? डॉक्टरबाई काय म्हणाल्या?"

आई चुंबळ उलगडून परत वळत बसली होती. हीच वेळ होती. सर भले माणूस होते. त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. पण सरांच्या मागं रस्ता होता, रस्त्यावर लोक होते आणि ते दोन शब्द एकदा तोंडातून बाहेर पडले की परत घेता येत नाहीत. शिवाय, खरं सांगायचं तर, तिलाही मुलगी जायला हवी होती. या वाळूतून, या भाऱ्याखालून, कुठंही.

"पित्त आहे म्हणाल्या," ती म्हणाली.

"बास?"

"बास."

सरांनी मोठा श्वास सोडला. पुढं काही विचारलं नाही. त्यांना जे ऐकायचं होतं ते मिळालं होतं.

आतून भिंत बाहेर आली. डोक्यावरून ओढणी घेतलेली, डोळ्यांपर्यंत. "मी येणार सर," ती म्हणाली. "मला काही झालेलं नाही."

गुरुवारी बापानं तिला चारा कापायच्या यंत्रावर उभं केलं. काम एका जागचं, त्यानं विचार केला, त्यात पित्ताचा काय संबंध? यंत्राचं मोठं चाक तो फिरवायचा, दुसऱ्यानं कडब्याच्या पेंढ्या तोंडातून आत सरकवायच्या. लहानपणापासून भिंत ते करत आली होती. चाक फिरलं की पात्याचा खाडखाड आवाज गोठाभर घुमायचा. भिंतीनं पहिली पेंढी सारली, दुसरी सारली. तिसरीला तिनं डोळे घट्ट मिटले. आई शेण भरत होती. तिला आवाजात काहीतरी कमी वाटलं. बघितलं तर पेंढी संपली होती आणि पोरीचा रिकामा हात तसाच पुढं सरकत होता, शांतपणे, जणू अजून पेंढी हातातच होती.

"अहो, चाक!"

आईनं शेणाच्या हातांनीच तिला मागं खेचलं. दोघी एकमेकींवर पडल्या. बापानं चाकावर अंग टाकून ते थांबवलं. पातं एकदा हललं आणि गप्प झालं. भिंतीच्या करंगळीचं नख अर्धं गेलं होतं. नखावरच निभावलं.

बापानं चाक दोन्ही हातांनी आवळून धरलेलं. तिथूनच ओरडला, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"असं बोलायचं नाही!" आई त्याच्या अंगावर धावून गेली. तिचा असला आवाज त्यानं लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. "तिच्या डोक्याचं नाव काढायचं नाही. कुणी नाही. तुम्हीसुद्धा नाही."

बापानं तिच्याकडं बघितलं, मग पोरीकडं. "अगं, बोलण्याची रीत आहे ती," तो हळूच म्हणाला. "पित्तानं हात पात्यात जातो का पण? झालंय काय तिला?"

"चक्कर आली असेल."

तो अजून काही विचारणार होता. तेवढ्यात आजारी म्हैस पुन्हा खाली बसली आणि तो तिच्याकडं पळाला.

शनिवारी पोरगी बरीच बरी वाटली. भाकरी मागून खाल्ली, बापाची थट्टा केली. आईलाही वाटायला लागलं, कोण जाणे, पित्तच असेल. इतक्या जणांना इतक्या वेळा सांगून तिचाच त्यावर विश्वास बसत चालला होता. दुपारी ती पोरीचे केस विंचरत होती. टेंगूळ उतरलं होतं. फणी तिथून नेताना तिनं विचारलं, "दुखतं?"

"तिथं नाही दुखत."

"मग कुठं?"

भिंत गंमत सांगावी तसं म्हणाली, "आई, मला कधीकधी दोन-दोन दिसतं. काल मैदानावर नुसती बघायला गेले होते ना, तेव्हा बॉलपण दोन दिसले. पण मी शोधून काढलंय, उजवीकडचा खरा असतो. तोच धरायचा."

फणी केसांतच राहिली.

"उद्या जायचं नाही," ती म्हणाली.

"का?"

"नाही म्हणजे नाही."

भिंत वळून बसली. "सरांना काय सांगशील? पित्त? पित्तानं कुणी निवड सोडतं का? बाबांना काय सांगशील? ते मला रोज दूध देतात आई, म्हशीला चारा नसताना." तिचे डोळे भरले. "मला इथं नाही राहायचं. एक दिवस सांभाळून खेळते. एकच दिवस. मग तिकडं गेल्यावर झोपते लागेल तेवढी."

आईला सांगायचं होतं. पण पोरीच्या तोंडावर ते म्हणायचं कसं, की तुझ्या डोक्यावर परिणाम? दुसरा कुठला शब्द तिच्यापाशी नव्हता. ती नुसती फणीत अडकलेले केस काढत बसली, आणि भिंतीनं त्याला होकार समजून तिच्या गळ्यात हात टाकला.

रविवारी आई आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर गेली. एवढं मोठं, एवढं उघडं मैदान आणि एक झाड नाही. जमीन तापून भेगाळलेली, पोरी पळाल्या की धुळीचे लोट उठायचे. कडेला दोर बांधला होता. दोराला लागून अख्खी वस्ती उभी होती. बाप दूध घालून सायकलवरून येणार होता. आईच्या शेजारी वहिनी येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर ओढून. बाहेरून आलेले दोघं सावलीच्या कापडाखाली बसले होते. एक जाडे गृहस्थ, एक बाई, बाईंच्या गळ्यात शिट्टी.

भिंत आपल्या जागी उभी राहिली. हातमोजे घातले, दोन्ही खांबांना हात लावला. आईला ती घरातल्यापेक्षा उंच वाटली.

पहिला बॉल सरळ आला. भिंतीनं तो पोटाशी धरला. "भिंत! भिंत!" लोक ओरडले. आईच्या अंगावर काटा आला. हे ती पोरीच्या तोंडून ऐकत आली होती, पण दोनशे माणसांचा आवाज छातीत कसा वाजतो ते तिला माहीत नव्हतं. दुसरा बॉल उंच आला, तोही बाहेर काढला. वहिनी तिला कोपरानं ढोसत म्हणाल्या, "निवडली बघ!" आईनं देवाला हात जोडले. एकच दिवस.

मग एक साधा बॉल आला. घसरत, हळू, शेंबड्या पोरानं अडवावा असा. भिंतीनं उजवीकडं झेप घेतली. बॉल तिच्या डावीकडून आत गेला.

लोक आधी गप्प झाले आणि मग हसले. "भिंतीला खिंडार पडलं!" कुणीतरी ओरडलं. भिंतही उठून हसली. मोठ्यानं, नको तेवढा वेळ. सरांनी टोपी काढून मांडीवर आपटली. आई हसली नाही. उजवीकडचा खरा असतो, हे मैदानावर तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळानं कोपऱ्यातून बॉल मारायची वेळ आली. सगळ्या पोरी गोलपुढं दाटीनं गोळा झाल्या. त्यातली एक धिप्पाड, खांदे रुंद, जागेवरच उड्या मारत होती. भिंत खांबाला धरून उभी होती. लोकांना वाटलं जागेचा अंदाज घेतेय. आईनं नीट बघितलं. बोटं खांबाला आवळलेली होती आणि गुडघे हलत होते. आजारी म्हैस उभी राहताना तिचे हलायचे तसे.

आईनं दोर धरला. शेजारी वहिनी. मागं वस्ती. बोललं की संपलं. दवाखान्यात बोलली असती तर एकीनं ऐकलं असतं, ओट्यावर बोलली असती तर एकानं. तिनं थांबून थांबून ऐकणारे दोनशे केले होते.

कोपऱ्यातली पोरगी बॉल ठेवून मागं सरकली.

आई दोराखालून वाकून आत शिरली. पळता येत नव्हतं, साडी पायात येत होती. तरी पळाली. "ए बाई! बाहेर!" कुणीतरी ओरडलं. ती पोरींना दोन्ही हातांनी बाजूला लोटत गोलात शिरली आणि भिंतीच्या पुढं उभी राहिली. शिट्टी वाजली. वाजतच राहिली.

"आई, काय करतेस!" मागून भिंत ओरडली. "जा ना!"

सर धावत आले. शिट्टीवाल्या बाई आल्या. जाडे गृहस्थही उठले. दोराजवळ सगळं चिडीचूप.

"ताई, काय झालं?"

आईला धाप लागली होती. जो शब्द तिनं आठवडाभर दातांखाली दाबून ठेवला होता तोच तेवढा तोंडात होता.

"तिच्या डोक्यावर परिणाम झालाय," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, कारण हळू म्हणण्याइतका श्वास नव्हता.

दोरापाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. "खिंडार वरच पडलंय म्हणजे!"

"तुम्ही तर पित्त म्हणालात," सर पुटपुटले. चेहरा पडला होता.

"खोटं बोलले मी. डॉक्टरबाई म्हणाल्या, मैदान बंद. परत मार बसला तर जिवावर बेतेल. तिला दोन बॉल दिसतात सर. विचारा तिला."

सरांनी विचारलं नाही. ते भिंतीकडं बघत उभे राहिले, आणि मग ती गेल्या रविवारीही मार लागल्यावर अशीच खांबाला धरून उभी होती, आणि आपण ते बघितलं होतं, हे त्यांच्या तोंडावर सरळ दिसलं. विचारलं ते शिट्टीवाल्या बाईंनी. त्या भिंतीसमोर गुडघ्यावर बसल्या, बोटं दाखवली, काहीबाही विचारलं. उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "हिला घरी न्या. आज नाही. दवाखान्यातून बरी झाल्याचं कळल्याशिवाय नाहीच."

भिंतीनं हातमोजे ओढून काढले आणि आईच्या पायांवर फेकले.

"वेडी ठरवलंस मला," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

ती चालायला लागली. लोकांनी वाट दिली. जरा जास्तच दिली. आई हातमोजे उचलून तिच्या मागं निघाली. भिंत पुढं, ताठ, एकदाही मागं न बघता. आई मागं, हाक मारायची हिंमत न होऊन. लोकांच्या नजरा पाठीत रुतत होत्या. पोरगी वाचली असं आई मनात म्हणत होती आणि त्यातलं समाधान तिला कुठंच सापडत नव्हतं. पोरगी आता आपल्याशी कधी बोलणार नाही, ही एकच गोष्ट खरी वाटत होती.

मैदानाच्या टोकाला रस्ता फुटायचा. एक वस्तीकडं, एक नदीकडं. भिंत तिथं थांबली. आईला बरं वाटलं. राग निवळला असेल, थांबली असेल आपल्यासाठी. ती भरभर जवळ गेली.

भिंतीनं आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि हळूच विचारलं, "आई, आपलं घर कुठल्या बाजूला गं?"

तिच्या तोंडावर राग नव्हता. काहीच नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. आई काही बोलायच्या आत ती रस्त्याच्या कडेला वाकली आणि ओकली, आणि मग तिचं सगळं वजन आईच्या अंगावर आलं.

असेल तशी उचलून आणायची. आईनं तिला काखेत हात घालून धरलं. पण पोरगी आईपेक्षा वीतभर उंच, आणि आठवडाभर दुहेरी भारे वाहून आईच्या मानेत, खांद्यात काही उरलंच नव्हतं. चार पावलं गेली आणि गुडघा टेकला. रस्ता मोकळा. नवरा अजून आला नव्हता. मैदानाकडून एकच बाई येत होती, पदर सावरत, घाईघाईनं, सगळं आधी आपल्याला कळावं म्हणून निघालेली. वहिनी.

एरवी तिला बघून आईनं तोंड लपवलं असतं. आता ती होती नव्हती ती ताकद लावून ओरडली, "वहिनी, धावा! पलीकडून धरा हिला, मला एकटीला झेपत नाही!"

वहिनी धावल्या. पोरीचा दुसरा हात आपल्या मानेवरून घेतला, कमरेत हात घातला. सुजका अंगठा दाबला गेला तशा कळवळल्या, पण सोडलं नाही. दोघींनी मिळून तिला उभी केली. पोरीचं डोकं इकडं कलंडायचं, तिकडं कलंडायचं.

"अगं, पण झालंय तरी काय हिला?"

आईनं पोरीचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून धरलं. केसांखाली ती जागा हाताला लागली. आणि बोट कापलं, गुडघा फुटला की म्हणतात तसंच, काही न ठरवता तिच्या तोंडून निघालं.

"डोक्याला लागलंय तिच्या, वहिनी."

"लागलंय होय?" वहिनी चालताचालता थबकल्या आणि तिच्याकडं बघतच राहिल्या. "मग आठवडाभर पित्त पित्त काय लावलं होतंस? लागलेल्या पोरीला मैदानावर कुणी धाडतं का गं?"

दोघींनी पावलं उचलली, दवाखान्याच्या दिशेनं, आणि मध्ये पोरीचे पाय धुळीत ओढले जात राहिले.